ओव्याचं उरलेलं तेल

भज्यांच्या पिठात कुणी ओवा चोळून टाकला की घरात सगळ्यांना भूक लागते. मला कंबरेखालचं कातडं ओढल्यासारखं होतं. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की बायका लगेच म्हणतात, "अगंबाई, ओव्यानं काय व्हतंय? ओवा तर औषध." नेमकं हेच वाक्य मला नको असतं. ज्या घरात हे वाक्य उठताबसता घोकलं जायचं त्याच घरात मी भाजले, आणि माझ्या सख्ख्या आईच्या हातून भाजले. तिनं मुद्दाम केलं नाही. हे मी पोलिसांना सांगितलं, सासूला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. आता तुम्हालाही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना डोक्यात भलतंसलतं यायला नको.

आई खर्ड्याकडची. लग्न झाल्यापासून कोयत्यावर, म्हणजे दिवाळी झाली की ऊसतोडीला. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. तेव्हाच तिनं कोयता टाकला तो कायमचा, आणि मला घेऊन सुप्याला आली. एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यातली एक भाड्यानं घेतली. शेजारी एक चाची राहायची, तिनंच आईला कामाला लावलं. छोटी कंपनी होती. तिथं ओव्याचं तेल काढायचे.

ते कसं काढतात हे आईनं मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच जाऊन शिफ्ट करून येईन. पोत्यानं ओवा यायचा. मोठ्या बंद टाकीत तो भरायचा, खालून वाफ सोडायची. वाफेबरोबर तेल वर जायचं, नळीतून गार होऊन पाण्यावर तरंगायचं. ते तेल थंड करून ठेवलं की त्यात पांढरे खडे धरायचे. ते ओव्याचं फूल. ते महाग, ते औषधवाल्यांना जायचं. खडे काढून घेतल्यावर खाली जे पातळ तेल उरायचं त्याचे पिंप साबणवाल्यांना, फिनेलवाल्यांना, रंगवाल्यांना जायचे. लॅबमधले साहेब त्याला सायमीन की काय म्हणायचे. आणखीही दोन-चार नावं असतील. बायका नुसतं पातळ तेल म्हणायच्या. आणि टाकीतून तेल निघून गेलेला जो ओवा उरायचा, तो चोथा. तो फुकट. ज्याला पाहिजे त्यानं घमेलं भरून न्यावं.

आईला त्या कामाचा कोण अभिमान! उसाच्या पाचटीत जन्म गेलेल्या बाईला अंगाला वास येणारं काम मिळालं, मग काय विचारता. ती घरात शिरायच्या आधी तिचा वास शिरायचा. पातळ तेलाची एक बाटली कायम आमच्या फळीवर असे. सगळ्याच बायका आणायच्या, सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा. गुडघे दुखले, चोळ पातळ तेल. मुंग्या झाल्या, शिंपड पातळ तेल. मी म्हणायचे, "आई, पिंपावर जाळाचं चित्र काढलंय ते दिसत न्हाई का तुला?" तर म्हणायची, "ते पिंपाला. हे बाटलीत हाय. आन् ओवाच की गं हा! ओवा कवा कुनाला बादलाय का?"

असा तिचा ओव्यावर भरवसा. देवावरसुद्धा एवढा नव्हता.

माझं लग्न शनिशिंगणापूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर झालं. नवऱ्याचा टेम्पो आहे, प्रसादाचा माल, नारळ, तेलाचे डबे ने-आण करतो. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. सासूला आमची पत्र्याची खोली पसंत नव्हती. "तिथं काय शेक मिळायचाय?" असं ती माझ्यासमोरच म्हणाली. आईच्या कानावर ते गेलंच.

आता आईचं दुखणं सांगते. मी जन्मले ती ऊसतोडीच्या कोपीत, फडाकडच्या झोपडीत. बारा बाजूंनी वारं, अंगाखाली पाचट. आठवडा भरायच्या आत आई मोळ्या उचलायला लागली. ना शेक, ना शेगडी, ना डिंकाचा लाडू. तिची कंबर तेव्हाची गेलेली, ती कधी सरळ झाली नाही. त्यामुळे माझे दिवस भरत आले तसं तिनं सुट्टी टाकली, काथ्याची बाज मागून आणली, गोवऱ्या जमवल्या. "सवा म्हैना तुला जमिनीवर पाय ठेवू द्याची न्हाई," म्हणाली. "माजं जे ऱ्हायलं ते समदं तुला करनार."

मुलगी झाली. गोरीगोमटी, नाकावर राग घेऊन आलेली. दोघींची तब्येत चांगली होती. आईनं जे जे करायचं ते ते केलं. रोज सकाळी कडकडीत पाण्यानं अंघोळ, मग डोकं बांधून बाजेवर आडवं व्हायचं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. वरून दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत गोधडी सोडायची, म्हणजे ऊब बाहेर जाऊ नये. मग निखाऱ्यावर धुरीचं टाकायचं. लसणाच्या साली, शेपा, वावडिंग आणि ओवा. हा ओवा म्हणजे कंपनीतला चोथा. आईला वाटायचं, ओवा तो ओवा. दुकानातला कशाला विकत आणायचा, घरात घमेलं भरलंय.

बारशासाठी सासू आदल्या दिवशीच आली. सकाळी माझी अंघोळ झाली, मी बाजेवर पडले. सासूनं बाळ घेतलं आणि बाहेर उन्हात चटईवर तेल लावायला बसली. आईनं चोथ्याची मूठ निखाऱ्यावर टाकली. धूर झाला, पण कसला? जळक्या भुश्याचा. सासूनं दारातूनच नाक मुरडलं.

"इहीनबाई, ही कसली धुरी म्हनायची? वासच न्हाई. ओवा हाय का कोंडा?"

आई काहीतरी पुटपुटली. सासू थांबणारी थोडीच! "आन् म्हनं ओव्याच्या कंपनीत हायेत. दिव्याखाली अंदार म्हनत्यात ते काय खोटं न्हाई."

मी गोधडीखालून आईचा चेहरा बघत होते. कुणी तोंडात मारावी तशी ती उभी राहिली. मी म्हणाले, "असू दे गं आई, ऊब लागतेय ना, पुरे." तिनं ऐकलं नाही. तिच्या डोक्यात काय चाललं ते मला आजही लख्ख कळतं, कारण ती बाई सरळ होती. चोथ्याला वास नाही, कारण त्यातलं तेल काढून घेतलंय. ते तेल फळीवर बाटलीत आहे. मग ज्याचं त्याला परत दिलं की झालं! तिनं परातीत चोथा घेतला, वरून बाटली उपडी केली, हातानं चांगलं कालवलं. खोली ओव्याच्या वासानं भरून गेली. सासू बाहेरून म्हणाली, "हां, आत्ता कसं!"

आणि आईनं ओंजळ भरून ते बाजेखाली टाकलं.

आवाज मोठा नव्हता. भप्प, एवढाच. बंद गोधडीच्या आत जाळ एकदम उठला आणि मी त्याच्या वरच होते. काथ्या पेटला, लुगडं पेटलं. मी ओरडले की नाही, आठवत नाही. आईचे हात कोपरापर्यंत त्या तेलानं माखलेले होते. त्याच हातांनी तिनं मला त्या जाळातून ओढलं. तिचे हात जळत होते आणि ती मला विझवत होती. शेवटी चाचीनं पाण्याचा अख्खा हंडा आमच्यावर ओतला. बाळ सासूच्या मांडीवर होतं म्हणून वाचलं. हे मी सासूच्या बाजूनं मान्य करते. तेवढंच करते.

नगरला दवाखान्यात मला जळितांच्या वॉर्डात पालथं घातलं. पाठ, कंबर, मांड्यांची मागची बाजू. आई शेजारच्या खाटेवर, दोन्ही हातांना कोपरापर्यंत पांढरी गाठोडी. नवं लग्न झालेली बाई भाजली की पोलीस येतातच. त्यांनी विचारलं, सासरचा जाच होता का. मी म्हणाले, न्हाई. मग विचारलं, आईचं काही भांडण? मी एवढी भडकले, की नर्स धावत आली. "बाळंतिणीची धुरी करताना भाजले, लिहा," म्हणाले, "आणि परत विचारू नका." लिहून घेतलं आणि गेले.

बाळ सासूनं वस्तीवर नेलं होतं. बरोबरच होतं, तान्ह्या पोराला त्या वॉर्डात कोण ठेवणार? नवरा संध्याकाळी मोबाईलवर व्हिडिओ लावायचा. लेक रडायची, आणि ती मोबाईलमध्ये रडली की इकडं माझी छाती भरून यायची, खालची चादर ओली व्हायची. पालथं झोपवलेल्या बाईला कुठं दूध काढता येतंय! चाची यायची तेव्हा मला कुशीवर धरून वाटीत पिळायची आणि मोरीत ओतून यायची. तो आवाज ऐकला की मला वाटायचं, उठावं आणि भिंतीवर डोकं आपटावं. हळूहळू वाटी भरेनाशी झाली. मग चाचीनं वाटी आणणं बंद केलं.

मला दुसरं काही नको होतं, नवीन कातडं नको होतं, न्याय नको होता. मला माझी लेक अंगावर घ्यायची होती.

आईला माझ्याआधी उठता-बसता यायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलं होतं, "यांच्या बोटांचं कातडं आखडतंय. रोज कुणीतरी एकेक बोट ताणून उघडायचं. त्या ओरडतील, तरी सोडायचं नाही. सोडलं तर मूठ मिटेल ती मिटेल." ती रोज माझ्या खाटेशी येऊन बसायची, हात पुढं करायची. मी पालथी पडून तिचं एकेक बोट उघडायचे. ती पदराचा बोळा तोंडात धरायची. मी रागानं म्हणायचे, "ओरड ना! कुणासाठी दाबतेस?" ती ओरडायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "तू बी तर न्हाई वरडत."

घरी सोडलं त्या दिवशी आम्ही थेट वस्तीवर गेलो. नवरा टेम्पो घेऊन आला होता. मी आणि आई पुढं बसलो. मला नीट बसता येत नव्हतं, तिला कशाला धरता येत नव्हतं. माझा विचार असा होता की बाळ घ्यायचं आणि पुन्हा सुप्याला जायचं. दोघी एकमेकींचं बघू, चाची आहेच.

आमच्या भागात घरांना दारं नाहीत याचं बाहेरच्या लोकांना केवढं कौतुक! फोटो काढतात. पण माणूस अडवायला दार लागतंच असं नाही. सासू चौकटीत आडवी बसली होती, मांडीवर माझी लेक, हातात बाटली.

"तू ये आत," ती मला म्हणाली. "हे तुजं घर हाय. ती न्हाई. त्या बाईचा हात माज्या नातीला लागायचा न्हाई. आन् पोर सुप्याला जानार न्हाई. ह्ये आत्ताच सांगून ठिवते."

मग माझा जो तोल सुटला! सगळी वस्ती गोळा झाली. "वास न्हाई म्हणून कुणी हिणवलं तिला? 'आत्ता कसं' कोण म्हणालं? तुमच्या जिभेनं पेटलीय ती शेगडी, आत्याबाई!"

सासूचा चेहरा उतरला. पण ती हलली नाही. "बोलले," म्हणाली. "व्हय, बोलले. रोज देवाफुडं नाक घासते त्याच्यापायी. पर बोलनं येगळं आन् जाळात तेल वतनं येगळं. उद्या पोरीचं पोट दुकलं तर ती काय पाजंल, तू सांग मला. सांग की!"

खरं सांगायचं तर तो प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता. नवऱ्याकडं बघितलं. तो टेम्पोचं चाक बघत होता, जसं काही पंक्चरच झालंय.

आई खाली उतरलीच नव्हती. टेम्पोतूनच म्हणाली, "जा गं. आदी पोरीला घे. माजं काय हाय, मी जाते."

"आणि तुझे हात?"

"चाची करंल की. जा, पोर रडायलीय."

मी आत गेले. मला त्याचं वाईट वाटतं का, असं विचाराल तर वाटत नाही. कुठलीही आई आतच गेली असती. लेक माझ्या अंगावर आली. दूध नव्हतंच, आणि असतं तरी तिला बाटलीची सवय झालेली. तिनं छातीला तोंड लावलं, वळवलं आणि सासूकडं बघून भोकाड पसरलं. तरी ती माझ्या हातात होती. मला सुख झालं, खोटं कशाला बोलू? बाहेर टेम्पो वळल्याचा आवाज आला आणि मी उठून बघायलासुद्धा गेले नाही.

मग आईशी फोन सुरू झाले. "हात कसे आहेत?" "बरे हायेत." "बोटं उघडते ना चाची?" "उघडती की, लई दुकवती मेली." "व्हिडिओ लाव, बघू दे." "ते मला न्हाई जमत बाई. पोर काय करती ते सांग." कंपनीनं तिला काढलं, माल चोरला म्हणून, हे मला चाचीकडून कळलं. हातांबद्दल मात्र चाचीसुद्धा बोलायची नाही. विचारलं की "अल्ला बघतोय" म्हणायची आणि विषय बदलायची. मला जायचं होतं. पण मी निघाले की सासू पोरीला उचलून घ्यायची. "जा खुशाल. पोर हितं ऱ्हाईल," म्हणायची. आणि पोर सोडून माझा पाय उंबऱ्याबाहेर निघत नव्हता. एकदा सोडलेली पोर मला किती महागात पडली होती!

लेक बसायला लागली, रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली. जावळ काढायची वेळ आली. जावळाला मूल मामाच्या मांडीवर बसवतात. मला भाऊ नाही. मी सरळ सांगितलं, "मामा न्हाई, पण माझ्या माहेरचं एक माणूस जिवंत आहे. ती आल्याशिवाय पोरीच्या केसाला कात्री लागायची न्हाई." सासू चिडली, रुसली, दोन घास कमी जेवली. मी हटले नाही. भर उन्हाळा, पोरीच्या डोक्यात घामोळं, केसांच्या जटा. येणारी-जाणारी विचारायला लागली. शेवटी सासू एके दिवशी भांडी घासता घासता म्हणाली, "बोलीव बाई तुज्या आईला. पोरीचं टकुरं शिजाय लागलंय."

मी जिंकले. फोनवर मी आईला सांगितलं तेव्हा हसत होते. ती पलीकडून म्हणाली, "मी कशाला? लांबून बघंन की."

चाची तिला घेऊन एसटीनं आली. नवं लुगडं, दोन्ही हात पदराखाली. मला वाटलं, लाजतेय, डाग लपवतेय. मी पाया पडले तरी हात बाहेर आले नाहीत. सासूनं स्वतः पाट मांडला, स्वतः पोरीला उचललं आणि म्हणाली, "घ्या इहीनबाई. मांडीवर घ्या." हे म्हणायला तिला किती जड गेलं ते मला दिसत होतं.

"नको, चटईवरच बसवा," आई म्हणाली.

पण पोर हट्टी, माझ्यावर गेलेली. नवा माणूस दिसला की चढायचंच. ती सासूच्या हातातून सुटली, डुगडुगत गेली आणि आईच्या गुडघ्याला धरून वर चढायला लागली. अर्धी चढून ती मागं कलंडली. आईचे हात आपसूक पदराबाहेर आले.

दोन मुठी होत्या. बोटं तळहातात रुतलेली, कातडं वरून एक झालेलं, नखं कुठली ते कळत नव्हतं. तिनं त्या मुठी पोरीच्या पाठीमागं नेल्या, पण धरता काही येईना. पोर त्यांच्यावरून घसरली. मी झेप घेतली म्हणून खाली आपटली नाही.

"घे बाई तिला," आई म्हणाली. "पडंल माज्या हातून."

मी चाचीकडं बघितलं. चाची रडायला लागली. "दोन दिन किया मैंने," म्हणाली. "ती लई तळमळायची गं. माझ्याच्यानं नाही बघवलं. मी सोडून दिलं." मग पोटच्या पोरीशिवाय दुसरं कोण ते करणार? मी केलं असतं. ती कितीही तळमळली असती तरी मी केलं असतं. रोज केलं असतं.

न्हावी आला, जावळ निघालं, पोर रडली, पेढे वाटले. सगळं रीतसर झालं. जेवायची पानं मांडली. आई म्हणाली, तिला भूक नाही. मला तेव्हा समजलं की वर्षभर ही बाई कुत्र्यासारखी ताटात तोंड घालून जेवत असणार, आणि चार माणसांत तिला ते करायचं नाही. मी पुढं व्हायला गेले, तर कडेवरची पोर माझी मान सोडेना.

तेवढ्यात सासू उठली. आईच्या शेजारी मांडी घालून बसली, पुरणपोळी तुपात कुस्करली आणि घास तिच्या तोंडासमोर धरला. आईनं एकदा तिच्याकडं बघितलं. मग तोंड उघडलं.

बायका म्हणाल्या, बघा, झालं ना गोड. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तो घास माझ्या हातून जायला हवा होता. आणि मी लेकीला कडेवर घेऊन उभी होते.